पंधरा मिनिटांचा कौल

येत्या पंधरा मिनिटांत काय घडणार हे आमच्या हिच्या मामांना विचारल्याशिवाय जगात काहीच घडत नाही, असा निदान त्यांचा तरी पक्का समज होता. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन विश्रामबागेत स्थायिक झाल्यावर त्यांनी मोबाइलवर एक भलताच उद्योग शोधून काढला. बिटकॉइनचा भाव पुढच्या पंधरा मिनिटांत वर जाणार की खाली एवढंच सांगायचं, त्यावर चहापुरती पैज लावायची आणि पाव तासात निकाल घ्यायचा. बिटकॉइन म्हणजे नक्की काय, असं मी एकदा विचारलं, तर ते कळलं की अंदाज चुकतो म्हणाले. हळूहळू हा पाव तास मोबाइलबाहेर पसरला. आलेले पाहुणे उठणार की जेवूनच जाणार, समोरच्या वकिलांची गाडी सुरू होणार की ढकलावी लागणार, सगळ्यावर मामांचा अंदाज तयार. एका दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना म्हणून मंडळी हवालदिल झालेली असताना मामा मात्र घड्याळ बघत होते, आणि कावळा शिवल्यावर त्यांनी इतक्या समाधानानं मान हलवली की त्या घरच्यांनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

पण माणूस सचोटीचा. निकालात हात घालायचा नाही, हा त्यांचा एकुलता एक धर्म. कॉलनीच्या क्रिकेटमध्ये पंच म्हणून उभे असताना त्यांनी सख्ख्या जावयाला पहिल्याच चेंडूवर बाद दिलं. जावई त्या दिवाळीला आला नाही, तरी मामांना त्याचं काही वाटलं नाही.

एकदा त्यांनी कहरच केला. आटपाडीकडच्या त्यांच्या गावात देवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मामांनी गुरवाला फोन करून बिटकॉइनचा कौल लावायला सांगितलं. देवीनं तासभर घेतला आणि उजवी दिली. तोवर बाजाराचे चार निकाल लागून गेले होते, आणि हा होकार त्यातल्या कुठल्या पाव तासाला धरायचा यावर मामा दोन दिवस विचार करत होते. शेवटी गुरवच म्हणाला, "सुभेदार, देवीला घाईची कामं सांगू नगा."

मग मामींच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. डॉक्टरांनी उशीर करू नका म्हणून बजावलं. मामी म्हणाल्या, देवीनं उजवा कौल दिला तरच ऑपरेशनला जाईन, नाहीतर आहे ते बरं आहे. त्या बोलल्या की बोलल्या, हे मामांना पुरतं माहीत होतं. आम्ही गावी गेलो. एवढासा गाभारा, उंबऱ्याशी मामी डोळे मिटून, हात जोडून बसलेल्या, त्यांना खेटून मामा आणि मागे मी. मामांचा मोबाइल त्या दिवशी खिशातच होता. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी पाकळी हळूच घसरू लागली. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही, गुरवाकडे पाहिलं नाही. ते पुढे वाकले आणि त्यांनी उजव्या पाकळीवर फुंकर मारली. ती पडली. गुरव समईची वात सारखी करत बसला.

"काय झालं?" मामींनी डोळे उघडून विचारलं.

"उजवा," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

ऑपरेशन नीट झालं. मामांनी मात्र मोबाइलवरचा तो खेळ कायमचा बंद केला. मी कारण विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आवं जावईबापू, निकालात हात घातलेल्या माणसानं पुन्ना त्या पंगतीला बसू न्हाई." त्यांना ते अजून टोचतं. हल्ली पाहुणे आले तरी ते नुसते बसून असतात, कोण कधी उठेल हे सांगत नाहीत, आणि मला त्या घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परवा मामी चहा देताना हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना वाटतंय मला ठावं न्हाई. त्यांच्या फुंकरीचा वारा माझ्या गालाला लागला की. म्हटलं, आपण ऱ्हावं असं येवढं वाटतंय ह्यास्नी, तर जावं ऑपरेशनला."