तिच्यातला दोष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आणि आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसलो होतो तरी तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. जवळच्याला सांगायची हिंमत नाही म्हणून असेल.

आमचं अहमदपूरला कापडाचं दुकान. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि जो तो म्हणायचा, आता नव्या शाळा निघणार, नोकऱ्यांचा पाऊस पडणार. खरा पाऊस मात्र रुसलेला. गावात टँकर, दुकानात माशा. अशा दिवसांत माझं लग्न झालं. महानंदा बारावी झालेली, हुशार — माझ्यापेक्षा तर नक्कीच. मीच हौसेनं म्हणालो, तू डी.एड. कर, मास्तरीण हो, मूल नंतर. पाळणा लांबवायचा हे आमचं दोघांचं ठरलं. खरं सांगायचं तर — ठरवलं मी, मान तिनं डोलावली. पण मग ती इतकी खूश झाली, की विचारू नका.

गोळ्या गावात घ्यायची सोय नव्हती. औषधवाला वडिलांचा जिगरी दोस्त. गोळी तिच्या पोटात जायच्या आधी बातमी आमच्या ओसरीवर आली असती. म्हणून नांदेडला माल भरायला गेलो की अनोळखी दुकानातून पाकिटं घ्यायची आणि कापडाच्या गठ्ठ्यात घालून आणायची. मला त्यात मोठा पराक्रम वाटायचा. चोरून आणण्यात कसला आलाय पराक्रम?

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं वाट पाहिली, मग महानंदाला सोमवार धरायला लावले. कॉलेजातून दमून आलेली पोर दिवसभर उपाशी — कशासाठी? जे आम्हीच होऊ देत नव्हतो, त्यासाठी! मी म्हणायचो, कर थोडे दिवस, आईचं मन राहील. ती करायची. "रान बी कोरडं, घर बी कोरडं," असं आई शेजारणींना सांगायची. मी ऐकायचो आणि दुकानाची वाट धरायचो.

मग धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण आलं. तिची हिरवी चोळी महानंदानं स्वतः शिवली होती. बायका ओटी भरू लागल्या, मी दारातच उभा होतो. महानंदा खण-नारळ घेऊन पुढे झाली, तशी आई म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे माय. ओटी लेकुरवाळीनंच भरावी."

ती थांबली. नारळ हातातच. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही हो — तिला वाटत होतं, आता हे बोलतील. तेवढ्यात काकू हसत म्हणाली, "दोष कुणात हाय म्हणायचं? पोराला बी दाखवलं का डॉक्टराला?" सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

आणि मी — किती वळणं घेऊ आता? मी म्हणालो, "दाखवलंय नांदेडला. माझं समदं ठीक हाय. तिच्यातच दोष हाय म्हणाले."

कुठला डॉक्टर? कुठली तपासणी? मला कुणी मारणार नव्हतं, घराबाहेर काढणार नव्हतं. चार बायका हसतील, माझ्या मर्दपणावर बोट ठेवतील — एवढ्या भीतीपायी मी धडधाकट बायकोला वांझ ठरवलं. बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. मला लाज वाटते ती त्याचीच जास्त.

तिनं नारळ ताटात ठेवला आणि आत जाऊन वाढायला घेतलं. एका शब्दात मला खोटं पाडता आलं असतं तिला. नाही पाडलं. पुढे घरात माझ्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झाली, तेव्हाही मी गप्पच. मग एकदा तिनं गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "हे आता नको. वांझ म्हणवून घेऊन मला जगायचं न्हाई." आणि डी.एड.चं काय, असं मी विचारायला हवं होतं ना? मी पाकीट खिशात घातलं. सुटलो, असं वाटलं मला.

शेवटच्या परीक्षेच्या वेळी तिचे दिवस भरत आले होते. डी.एड. राहिलं ते राहिलंच. मुलगी झाली, आई म्हणाली, सोमवार पावले. नवसाचा नारळ मीच फोडला. सुनेत दोष होता आणि देवानं तो काढला, असं मानतच आई गेली. नव्या शाळा खरंच निघाल्या. महानंदाच्या वर्गातल्या मैत्रिणी तिथं शिकवू लागल्या. बाजारात भेटल्या की ती त्यांची हौसेनं चौकशी करायची आणि मी पिशवी उचलून पुढे निघायचो.

मुलीच्या लग्नानंतर पहिल्या सणाला लेक-जावई आले. लेक म्हणाली, आम्हाला इतक्यात मूल नको. महानंदा जावयाकडे वळली. "तुमच्या घरी कुणी विचारलं, तर तिच्यावर सोडू नका. तुम्हीच सांगा, आमचं दोघांचं ठरलंय म्हणून." मी तिथंच बसलो होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"हाव मामी, सांगतो की," जावई म्हणाला. "त्यात काय?"

तेव्हा मलाही एवढंच बोलायचं होतं. मी बोललो नाही.