दोरा घातलेली पानं

अगं नंदे, फोन जरा कानाजवळ धर. मिरजेच्या गाण्यावर कुठली पुस्तकं वाचू, हे फोनवर विचारतेस? आत्याकडे यायला काय पाय दुखतात?

काल तुझ्यासाठीच वाचनालयात गेले, तर तंबोरे करणारे आमचे बाबूचाचा एक जाडजूड पुस्तक उघडून बसलेले. अक्षरांशी त्यांचं फारसं जमत नाही, ते आपले फोटो बघतात. एका गायिकेच्या फोटोवर बोट थांबलं. "हा तंबोरा माझ्या हातचा." फोटोखाली बाईंचं नाव होतं, चाचांचं नव्हतं. मलाच मेलीला राग आला. ते हसले. "गातात त्या, बेटी. भोपळा थोडाच गातो?" आणि खिशातला सुती दोरा खुणेला त्या पानात ठेवला. तारेखाली हाच दोरा सरकवतात, तेव्हा कुठे तंबोरा झणकारतो. आपण गळा ऐकून माना डोलावतो. तो सुताचा धागा कोण बघतो?

मग मी कपाट धुंडाळलं. कितीतरी पुस्तकांतून दोरे डोकावत होते. तुझी यादी तीच समज.

पण पुढच्या आठवड्यात ती सगळी नव्या बांधणीला जाणार. दोरे गळतील, आणि चाचांना आता पानं आठवत नाहीत. पेन्सिलीनं फोटोखाली चाचांचं नाव लिहिलं तर चालेल, असं ग्रंथपाल म्हणालेत. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुझं सुरेख आहे. पुस्तकं बांधणीला जायच्या आधी ये बाई.