ऑर्व्हलच्या कूपेचं छप्पर

माझे सासरे ऑर्व्हल टीग यांच्या कूपेचं, म्हणजे दोन दारांच्या जुन्या मोटारीचं, छप्पर मी दीड इंच जास्त कापलं. आमच्या गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, कारण ती मीच सांगत सुटलो. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर त्या दीड इंचाचे पाच झाले असते.

जुन्या कूपेचं छप्पर उतरवायचं म्हणजे काचांच्या बाजूचे खांब मधूनच कापायचे, तेवढा तुकडा काढून टाकायचा आणि वरचं टोपडं खाली आणून पुन्हा जोडायचं. मग गाडी भुवया ओढून बसलेल्या माणसासारखी दिसते. किती कापायचं ते कुठे लिहिलेलं नसतं. चालवणारा आत बसून समोर बघतो आणि दुसरा माणूस त्याच्या भुवईच्या रेषेत खांबावर खडूची खूण करतो. छप्पर डोक्याच्या मापानं बेततात, टोपीसारखं.

त्या दिवशी गाडीत सीट नव्हतं, ते शिवायला दिलं होतं. म्हणून ऑर्व्हल संत्र्यांच्या पालथ्या पेटीवर बसले.

"पेटी सीटपेक्षा दीड इंच बुटकी आहे," ते म्हणाले. "तेवढं सोडून काप. नाहीतर मान दुमडून चालवावी लागेल मला."

मी संत्र्यांच्या वखारीत कामाला आहे. बारीक-मोठी फळं निवडणाऱ्या यंत्राची देखभाल माझ्याकडे, म्हणजे दिवसभर मापांतच असतो. तरीही ते दीड इंच सोडायला मी विसरलो. टेप खांबाला लावली, बोटानं दाबून त्यांच्यासमोर धरली. "एवढं. बघून घ्या बरं एकदा."

त्यांनी टेपकडे तिरकं पाहिलं. "बघितलं. काप."

मी कापलं.

नोव्हेंबरात सीट आलं. ऑर्व्हल आत बसले आणि डोकं छपराला ठक्कन लागलं. काचेची वरची कड बरोबर डोळ्यांसमोर. त्यांनी मान डावीकडे मोडून पाहिली, उजवीकडे मोडून पाहिली. खुराड्यात अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखे दिसत होते. मला हसू आलं आणि मी हसलोही. ते हसले नाहीत.

"संत्र्याचं माप कळतं तुला," ते म्हणाले, "सासऱ्याच्या डोक्याचं नाही कळत."

खुराड्याची आठवण उगाच झाली नाही. ती गाडी, म्हणजे १९३१ सालच्या फोर्ड कूपेचं नुसतं खोकं, पूर्वी एका अक्रोडाच्या बागेत पडून होती आणि तिच्यात खरोखरच्या कोंबड्या बसायच्या. ऑर्व्हलचा डोळा तिच्यावर वीस वर्षं होता. पण माझ्या सासूबाई व्हेल्डा यांनी बजावलं होतं, "ते खुराडं पुढच्या दारानं आलं की मी मागच्या दारानं जाईन." व्हेल्डा गेल्या वर्षीच्या वसंतात वारल्या. त्यांना पुरून आल्यावर नवव्या दिवशी ऑर्व्हल ट्रेलर घेऊन गेले आणि खोकं घेऊन आले. माझी बायको नोरीन, त्यांची एकुलती एक लेक, पायरीवर उभी होती.

"आणा, बाबा," ती म्हणाली. "आता कुठलंही दार मोकळंच आहे."

ऑर्व्हल वर्षाचे असताना त्यांचे आईवडील ओक्लाहोमातून ट्रकवर गाद्या बांधून या खोऱ्यात आले. शाळा आठवीपर्यंत. पुढे चाळीस वर्षं विहिरींचे पंप आणि बागांतले वाऱ्याचे पंखे दुरुस्त करण्यात गेली. हिवाळ्यात संत्री गोठायची भीती असते, तेव्हा हे खांबावरचे पंखे रात्रभर हवा ढवळतात. स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता, नुसत्या आवाजावरून, कुणाच्या बागेतला पंखा आजारी आहे ते ऑर्व्हल सांगायचे. बोलणं एरवी मोजकं. त्यांची सगळ्यात लांब भाषणं कार्ब्युरेटरसमोर झाली आहेत.

गाडीचा नियम एकच, १९५२ नंतरचा एक नटसुद्धा तिच्यात लागणार नाही. इंजिन एकोणपन्नासचं, चपट्या माथ्याचं, आठ सिलिंडरचं, बागेतल्या एका म्हाताऱ्या पंख्यावरून उतरवलेलं. ब्रेक चाळीस सालचे. मी गॅरेजात पाऊल टाकलं की विचारायचे, "तू कुठल्या सालचा रे, गॅरेट?"

"अठ्ठ्याहत्तरचा."

"मग बाहेरच थांब. इथे बसणार नाहीस तू."

तर, छप्पर डोक्याला लागलं त्या दिवशी मी शिव्या खायच्या तयारीनं उभा होतो. म्हटलं, सीटच्या स्प्रिंगा काढून टाकू, पातळ गादी घालू. ते म्हणाले, खुब्याच्या दुखण्यामुळे जमिनीलगत बसवत नाही, पाय क्लचवर येतच नाही. मग खिशातून टेप काढून हातातल्या हातात फिरवत बसले.

"चूक तुझी एकट्याची नाही," शेवटी म्हणाले. "त्या दिवशी तू टेप दाखवलीस ना, मला आकडा दिसलाच नव्हता."

"मग 'काप' कशाला म्हणालात?"

"तू म्हणालास, बघून घ्या. आकडा दिसत नाही, हे तुझ्या तोंडावर कसं सांगायचं?"

त्यांच्या डोळ्यांना मधोमधचं दिसेनासं होत चाललं होतं. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. कडेचं राहतं, मधलं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. गेले काही महिने ते बोलताना माझ्या कानाकडे बघायचे. मला वाटायचं, जावयाच्या तोंडाकडे काय बघायचं म्हणून असेल. खरं म्हणजे मी दिसावा म्हणूनच ते कानाकडे बघत होते.

"नाताळापर्यंत डोळे पुरले असते," ते म्हणाले. "समोरून येणारा ट्रक अजून कळतो मला. नाताळाच्या आत एकदा, मी स्वतः, या रस्त्यावरून. एकदाच. त्यानंतर तुम्ही मला काठी द्या नाहीतर कुत्रं द्या. आणि हे बघ, नोरीनला बोललास तर तुझेही खांब कापीन."

मी नाही बोललो. तीही माझीच चूक धरा.

कापलेलं छप्पर दीड इंच परत वर न्यायचं म्हणजे दुसऱ्या एखाद्या मेलेल्या कूपेचे खांब शोधायचे, त्यांचे तुकडे घ्यायचे आणि सांधा दिसणार नाही असे जोडायचे. ते माझ्या हातचं काम नव्हतं. आमच्या मागच्या रस्त्याला सेराफिम अझेवेदोचा गाईंचा मोठा गोठा आहे. गोठ्यातल्या लोखंडाचं सगळं जोडकाम तो स्वतः करतो, आणि त्यानं जोडलेलं कुठे जोडलं ते नखालाही लागत नाही. जानेवारीत तो आला, खांबांवरून हात फिरवला.

"कुणी कापलंय हे? दातांनी?"

"जावयानं," ऑर्व्हल म्हणाले.

"मग बरोबर आहे. ह्यांना सासऱ्याच्या डोक्याची काय पडलीय!" माझ्याकडे वळून म्हणाला, "तू रे, ह्याचं मृत्युपत्र बघितलंयस का? त्यात हे खुराडंच आहे फक्त."

पण सेराफिमला दोन्ही वेळचं दूध काढून झाल्यावर जो वेळ उरेल तोच. फेब्रुवारीत फ्रेझ्नोजवळच्या एका भंगारवाल्याकडे खांब मिळाले, ते गंजके निघाले. मार्चमध्ये दुसरे मिळाले. मग दारांच्या चौकटी जुळेनात. मी रोज वखारीतून सुटलो की गॅरेजात, रविवारी दिवसभर गॅरेजात. कॅलेंडरकडे मी बघत नव्हतो, ऑर्व्हलकडे बघत होतो, आणि दोन्ही एकच होतं. आधी त्यांना मीटरचे काटे दिसेनासे झाले. मग पाना कुठला ते बोटांनी चाचपून घेऊ लागले. ब्रेकच्या नळ्या त्यांनी डोळे मिटून बसवल्या. "उघडे ठेवले तर मध्ये मध्ये येतात," म्हणाले. एकही नळी गळली नाही.

एप्रिलात एका सकाळी त्यांनी कॉफी कपाशेजारी ओतली. ती टेबलावरून ओघळून नोरीनच्या पायावर पडली आणि तिला सगळं कळलं.

"कधीपासून?" तिनं मला विचारलं. त्यांना नाही विचारलं.

मी सांगितलं.

"आणि तुम्ही दोघं इतके महिने त्या डब्याचं टोपडं बेतत बसलात?" तिनं त्यांच्या पिकअपच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि पिठाच्या बरणीत घातल्या. कूपेला किल्ली नव्हती, बटण होतं. ते तिला माहीत होतं. बटणाला तिनं हात लावला नाही, आणि त्या रात्री कुणी जेवलं नाही.

मे अखेरीस सेराफिमनं शेवटचा सांधा घासला. ऑर्व्हलनी पैशांचं विचारलं तर म्हणाला, "पैसे व्हेल्डानं खाऊ घातलेल्या पीचच्या पाईत फिटले. तुझ्याकडून एवढंच हवं. पहिल्यांदा निघशील ना, तेव्हा माझ्या गोठ्यावरून ने. फाटकाशी हॉर्न दे जोरात. गाई दचकल्या पाहिजेत."

"दूध आटेल तुझं."

"आटू दे एक दिवस."

जूनच्या पहिल्या रविवारी, ऊन चढायच्या आत, आम्ही गाडी बाहेर ढकलली. करडी, बसकी, छप्पर आता नेमकं. ऑर्व्हलनी दाढी केली होती, धुतलेला खाकी शर्ट घातला होता. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आपली वाट आहे ना संत्र्यांतून, दोनशे पावलांची? तिच्या टोकाला, टपालपेटीपाशी, बरोबर मधोमध उभा रहा. मी इथून निघतो. तू दिसलास की थांबीन. थांबलो, तर तसाच रस्त्यावर, सेराफिमकडे."

"आणि नाही थांबलात तर?"

"तर उडी मार. अठ्ठ्याहत्तरचा आहेस, तेवढं जमेल. पण ओरडायचं नाही. ओरडलास तर दिसलास की ऐकू आलास, ते मला काय कळणार?"

पायरीवरून नोरीन म्हणाली, "बाबा, मला दुसरा नवरा शोधायची हौस नाहीये."

"हा काही फार चांगला नाही, नोरी."

"माहितीये मला. तरी सांभाळून."

माझ्याकडचा सगळ्यात लाल शर्ट मी घातला होता. वखारीचा, पाठीवर नाव असलेला. टोकाला जाऊन उभा राहिलो. मागे रस्ता, पुढे झाडांच्या दोन ओळी, आणि त्या ओळींच्या दुसऱ्या टोकाला ती गाडी. इंजिन सुरू झालं. त्याचा आवाज पोटात लागतो. पहिला गियर, मग दुसरा. सरळ आली, अगदी सरळ, चाकोरी न सोडता. कडा त्यांना दिसत होत्याच.

काचेमागे त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. मान ताठ, डोकं छपरापासून दोन बोटं खाली, काचेची कड भुवईच्या वर. इतकं बेतलेलं छप्पर मी पाहिलेलं नाही. ते थेट माझ्याकडे बघत होते. कानाकडे नाही, तोंडाकडे.

पन्नास पावलं. तीस.

मी शेवटच्या क्षणी गुपचूप झाडात सरकू शकलो असतो. त्यांना कळलंही नसतं. सवयीनं टपालपेटीपाशी थांबले असते, मी काचेशी जाऊन म्हटलं असतं, "बघितलंत ना मला?" आणि ते म्हणाले असते, "बघितलं." मग ते रस्त्यावर गेले असते. हे सगळं माझ्या मनात आलं. आणि आणखी एक आलं, की नोव्हेंबरात मी त्यांना दिसलो असतो.

वीस. दहा. आवाज कमी होईना.

"ऑर्व्हल!"

ब्रेक लागले. धूळ पुढे आली, माझ्या अंगावरून रस्त्यावर गेली. बंपर आणि माझ्या गुडघ्यांत हातभर जागा होती. मी काचेशी गेलो. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"किती राहिलं होतं?"

"होतं बरंच."

"खोटं बोलू नकोस. खोटं बोलताना तुझा आवाज नाकात जातो."

"हातभर."

त्यांनी बटण बंद केलं. इंजिन थांबल्यावर झाडांतल्या मधमाश्या ऐकू येऊ लागल्या.

"झाडं दिसत होती," ते म्हणाले. "दोन्हीकडची. पान न् पान. मधे काही नव्हतं. मला वाटलं, अजून लांब आहेस." मग वर हात करून छपराचा आतला पत्रा त्यांनी पंजानं चाचपला. "चांगलं बसलंय हे. कुठे लागत नाही."

"माझ्यामुळे उशीर झाला, ऑर्व्हल."

"झाला," ते म्हणाले. त्यांनी नाही म्हणावं अशी माझी इच्छा होती. ते म्हणाले नाहीत. दार उघडून, खुब्यावर हात ठेवून, हळूहळू बाहेर आले. "मागे तू ने. क्लच दचके देऊन सोडू नकोस."

मी मागे नेली. ते झाडांच्या ओळीला हात लावत लावत, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, चालत आले. नोरीन पायरीवरून उतरली नाही. ते पोचेपर्यंत उभी राहिली आणि मग आत कॉफी करायला गेली.

ऑगस्टमध्ये गाडी चालवायचा परवाना नवा करायचं पत्र आलं. त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं, दोनदा. मग घडी करून खिशात ठेवलं. कुठे गेले नाहीत.

आता ते आमच्याकडेच असतात, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. गाडी मी अधूनमधून गावात नेतो, बॅटरी उतरू नये म्हणून. शेजारच्या सीटवर बसा म्हटलं तर बसत नाहीत. "त्या बाजूचं माप कुठे घेतलंय?" म्हणतात. परत आलो की खिडकीतून सांगतात, तिसरा सिलिंडर अडखळतोय, बघ. अडखळत असतो.

सेराफिम दुकानात भेटतो. खांबांबद्दल विचारत नाही, ऑर्व्हलबद्दल विचारतो, आणि जाता जाता म्हणतो, "गाई शांत आहेत अजून." त्याचा गोठा आमच्यापासून दोन मैलांवर आहे. हॉर्न मलाही वाजवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. पण गावात जाताना मी कालव्याच्या बाजूनं जातो, तो रस्ता मैलभर लांब पडतो. सेराफिमच्या फाटकाशी द्यायचा हॉर्न अजून दिलेला नाही.