पट्टीनं आखलेला रकाना

कुंदाताई गावकर. हे नाव आधी लिहिते, माझं काय झालं ते मागून. त्यांच्या टेबलापाशीही असंच उलटं चालायचं. परळला सरकारी अनुदानावर चालणारं महिलांचं मदत केंद्र आहे, तिथं त्या बसतात. बाई रडत आली की पाण्याचा तांब्या पुढे सरकवायचा आणि विचारायचं, "आधार कार्ड कुठं ठेवलंयस गो? रेशनकार्ड?"

मी गेले तेव्हा ओठ फुटलेला होता. मी दंडावरचे वळ दाखवायला लागले, तर म्हणाल्या, "डॉक्टरकडे जाऊच. दंड बरा होतो, बाय. फाडलेला कागद बरा होत नाही." मला वाटलं, बाई दगडाची आहे.

माझं माहेर परभणीकडचं. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न होऊन नायगावच्या चाळीत आले. मुंबईत माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर ताई माझ्याबरोबर घरी आल्या. सासू दारात आडवी.

"तुम्ही कोण?"

"हिची मावशी."

"हिला कुठली आलीय मुंबईत मावशी?"

"कालपासून आहे," म्हणत ताई चपला काढून आतसुद्धा गेल्या. तांदळाच्या डब्याखालून माझे कागद घेऊन आम्ही बाहेर पडलो. ताईंनीच मला बायकांच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली. हिंदमाताच्या एका दुकानात साड्यांना फॉल लावायचं कामही मिळालं.

केंद्राचं अनुदान वर्षावर्षानं मंजूर व्हायचं. त्या वर्षी ते अडलं. ताईंना कित्येक महिने पगार नव्हता, आणि तपासणीला साहेब येणार होते. अहवालात एक रकाना असतो : नवरा-बायकोचे समेट किती झाले. ताईंच्या हाताखालची नीलिमा मला म्हणाली, "साहेब आधी तोच बघतात. आपला जवळजवळ रिकामाच आहे. केंद्र बंद करतील बघ."

ज्यांनी मला बाहेर काढलं, त्यांचंच दार बंद होणार. सकाळी मी पिशवी भरून ताईंसमोर उभी राहिले.

"ताई, माझ्या केसपुढं समेट लिहा. नवरा बोलावतोय, मी परत जाते. तुमचं केंद्र तरी राहील."

ताईंनी चष्मा काढला. पिशवी ओढून घेतली, माझ्या कागदांची फाईल काढून आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

"सरकार मला बायकांना मार खायला परत धाडायचा पगार देत नाही गो. केंद्र बंद झालं तर मी लालबागला घरी बसून मसाले कुटीन. तुझं काही झालं तर काय करू मी?" मग आवाज खाली आला. "एवढी उपकाराची हौस असेल तर जा, खाली तीन चहा सांग."

साहेब आले त्या दिवशी दुकानातून सुट्टी काढून मी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी तोच रकाना बोटानं दाखवला.

"मॅडम, एवढेच?"

"साहेब, त्याच्या पुढचा वाचा."

पुढचा रकाना फॉर्मात नव्हताच. ताईंनी समासात पट्टी धरून पेन्सिलीनं आखला होता : 'बाई आता कुठे आहे.' कुणाचं नाव नाही, नुसता नंबर. माझ्या नंबरापुढं लिहिलं होतं : 'सुरक्षित. काम करते. कागद शाबूत.' साहेब त्या रकान्यावरून बोट फिरवत खालपर्यंत गेले. जाताना त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली.

पुढं काही आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. ताईंनी ते दोनदा वाचलं, खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, "नीलिमा, पंखा लाव गो. वीज वाचवून वाचवून उकडून मेलो." त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. माझी फाईलही ताईंनी परत दिली.

आता मी बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरलाय. त्या रकान्याची रेघ अजून ताईच आखतात, पण हल्ली त्यांचा हात कापतो, रेघ वाकडी जाते. ताई, तुमचं फेडणं माझ्या आवाक्यातलं नाही, तरी एवढं लिहून देते : पास झाले की तुमच्या शेजारी बसून ती रेघ मी आखीन, आणि पुढच्या बाईचं 'सुरक्षित' माझ्या हातानं लिहीन.