न लिहिलेलं इंजेक्शन

मुरबाडच्या त्या छोट्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटर एकच होता आणि तो सांभाळणाऱ्या आम्ही दोघी. गौरी-गणपतीला दुसरी सिस्टर शहापूरला सासरी गेली, म्हणजे उरलो मशीन आणि मी. दोन हजार सालच्या आगेमागेची गोष्ट. मी टोकावड्याहून एसटीनं ये-जा करायचे, पण त्या तीन दिवसांत घरी गेलेच नाही. मी मुळात तापट बाई, आणि झोप नसली की माझ्या तोंडाला कुणी लागू नये. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतून सकाळी जीपनं एक मुलगी आणली. आठ-नऊ वर्षांची असेल. जमिनीवर झोपलेली असताना तिला मण्यार चावली होती. मण्यारीच्या दाताची खूण दिसतसुद्धा नाही, सूज येत नाही. पोरं पोटात दुखतंय म्हणतात, मग पापण्या गळतात, मग थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. ही आली तेव्हा त्याच बेतात होती. डॉक्टरांनी घशात नळी घातली, विषावरचं औषध सुरू केलं, आणि मशीन तिच्या छातीत हवा भरू लागलं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस मशीननं जगवायचं, अंगात बळ आलं की हळूहळू मशीनवरून सोडवायचं. पोरगी वाचते की नाही हे त्या सोडवण्यावरच ठरणार होतं.

लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते. मण्यारीनं लुळं पडलेलं पोर मेल्यासारखं दिसतं, पण त्याला सगळं ऐकू येतं. बोट हलत नाही, पापणी उघडत नाही, आणि आत पोर टक्क जागं. त्यात घशात नळी. म्हणून झोपेचं इंजेक्शन द्यायचं, थोडं थोडं, नाडीकडे लक्ष ठेवून.

तिच्या आईला हे पटेना. साप चावला असं त्या वाडीत कुणी तोंडानं म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. आणि पान लागलेल्याला झोपू द्यायचं नाही हा तिथला नेम. झोप लागली की विष डोक्यात चढतं म्हणे. सगळी वाडी भोवती बसते, त्याला बोलतं ठेवते, ताटं वाजवते. आणि इथे मी तिच्या डोळ्यांदेखत सुईनं झोप टोचत होते. ती नवऱ्याला म्हणाली, ही बाई पोरीला मारायला बसलीय. मला ऐकू येईल अशा बेतानंच म्हणाली.

मी पाठ फिरवली की ती पोरीच्या कानाशी वाकायची, कानाची पाळी ओढायची आणि म्हणायची, "उठ गो, शेरडं भातात शिरली."

शेरडं राखायचं काम त्या मुलीचं होतं. भात निसवायला, लोंब्या धरायला आलेलं, अशा दिवसांत ही हाक आली की वाडीतलं कुठलंही पोर अंथरुणातून ताडकन उठेल. ही लुळी पडलेली, उठणार कुठून? पण मॉनिटरवर नाडी एकशेवीसची दीडशे व्हायची आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. मी धावत यायचे, आईवर खेकसायचे आणि पुन्हा इंजेक्शन द्यायचे. ती उठवणार, मी झोपवणार. दुसऱ्या दिवशी मी तिला बाहेर काढलं आणि दाराला आतून कडी लावली. ती दाराच्या काचेला कपाळ टेकून उभी राहिली. स्टूल देऊ का, एवढंही मी विचारलं नाही. एका अर्थानं माझंच बरोबर होतं, पण माझी रीत बरोबर नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या पायाचा अंगठा हलला. मग हाताची बोटं हलली. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, झोपेचं इंजेक्शन बंद, दुपारी बाराला मशीनवरून काढून बघायचं. मला म्हणाले, आता तिला पूर्ण जागी होऊ द्या. आणि ते ओपीडीत गेले, तिथे रांग लागली होती.

बळ आलं तशी पोर नळीशी भांडायला लागली. खोकायची, मान हलवायची, मऊ कापडानं बांधलेला हात ओढायची. की मशीनचा अलार्म वाजायचा. मी उठायचे, नळीतला कफ ओढून काढायचे, बूड टेकलं की पुन्हा अलार्म. हे भांडणं म्हणजे चांगलं लक्षण, मला चांगलं ठाऊक होतं. पण दहा वाजेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. मी सिरिंज भरली. दर वेळी तिच्या केसांवरून हात फिरवत मी जे म्हणायचे तेच तेव्हाही म्हटलं. "झोप गं बाई, आणि मलाही जरा झोपू दे." पूर्ण डोस दिला. केसपेपरवर लिहिलं नाही. स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकलं आणि माझा डोळा लागला.

बाराला डॉक्टर आले तेव्हा मला जाग आली. ते मशीनचे श्वास कमी करत गेले, शेवटी थांबवून बघितलं. छाती हललीच नाही. बोटावरच्या चिमट्यातला ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागला तसं मशीन पुन्हा सुरू केलं. पोरीच्या दंडाला चिमटा घेतला, हाक मारली, काही नाही. त्यांनी केसपेपर चाळला. सकाळपासून झोपेचं औषध दिल्याची नोंद नाही. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, जीपमधून येतानाच मेंदूला हवा कमी पडली असणार, सकाळी हात हलले ते नुसते झटके असतील. बाहेर जाऊन त्यांनी बापालाही सांगितलं की आशा थोडी आहे.

बाप म्हणाला, "मंग नळी काढा. आमी घरी नेतो. मरायचं तर वाडीत मरंल." आणि पोरीला गुंडाळायला चादर आणायला तो जीपकडे गेला.

 गप्प राहिले तर पोरगी घरी जाऊन मरणार, बोलले तर माझी नोकरी जाणार. यात विचार करण्यासारखं काय होतं? तरी मी विचार केला. अजून तासाभरात औषध आपसूक उतरेल, कुणाला कळणारही नाही, असं काहीबाही मनात आलं. त्याची मला आजही लाज वाटते. बाप चादर घेऊन दारात आला तेव्हा तोंड उघडलं.

"डॉक्टर, दहाला मी पूर्ण डोस दिलाय. लिहिला नाही."

त्यांनी विचारलं, "का?"

"मला झोप आली होती."

ते ओरडले नाहीत. तेही थकलेले होते. बापाला म्हणाले, चादर ठेवा, अजून थांबायचं आहे. मला दहाची नोंद माझ्या हातानं लिहायला लावली. मग म्हणाले, आईला आत घ्या. मी कडी काढली आणि माझं स्टूल पलंगाशी सरकवलं. बाई आत आली, माझ्याकडे न बघता बसली आणि पोरीची कानाची पाळी धरली.

एक वाजला, दोन वाजले. ती दमेना. तीच हाक, त्याच सुरात, मध्ये थांबून पुन्हा. अडीचच्या सुमाराला पोरीच्या कपाळावर आठी पडली. तीन वाजता मिचमिचे डोळे उघडले. मग "शेरडं भातात शिरली" म्हणताच तिनं मान उशीवरून चांगली बोटभर उचलली आणि धरून ठेवली. डॉक्टरांनी मशीन थांबवलं. छाती आपली आपण वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मी श्वास मोजत होते आणि मध्येच मोजायचं विसरत होते. पाचच्या आत नळी निघाली. डॉक्टर मला म्हणाले, घरी जा, उद्या बोलू.

दुसऱ्या दिवशी मी बोलणी खायच्या तयारीनं आले. आधी पोरीकडे गेले. आई तिला चमच्यानं पेज भरवत होती. या औषधानं पोरांना पुढे फारसं काही आठवत नाही. हिलाही नळी, मशीन, काहीच आठवत नव्हतं. कशी आहेस गं बाई, म्हणत मी नाडी बघायला हात धरला तशी ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाय, मंग तुजी झोप झाली का?"

मला रडू फुटलं. आईनं चमचा वाटीत ठेवला, स्टुलावरून उठली आणि ते माझ्याकडे सरकवलं.