विजयाताईचं किल्लारीचं फोल्डर

विजयाताईचा सगळा डेटा मी डिलीट केला होता.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. तो डेटा मी उडवला, हे डिपार्टमेंटमध्ये अजून कुणालाच माहीत नाही.

आम्ही दोघी नांदेडला मानसशास्त्रात पीएचडी करत होतो. गाईड एकच. ती मुखेडची, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी लातूरची.

डिपार्टमेंटला टेस्टिंगसाठी तीन लॅपटॉप होते आणि रिसर्च करणारे आम्ही अकरा जण. रजिस्टरमध्ये सही करायची, तीन दिवस न्यायचा, परत देताना आपला डेटा काढून घ्यायचा.

तिन्हीतला एकच धड होता. बाकी दोघांची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकायची.

विजयाताईचं काम किल्लारीत. भूकंपात जी लहान मुलं वाचली ती तेव्हा पंचविशीत-तिशीत होती. स्क्रीनवर चित्र आलं की बटन दाबायचं. मध्येच भूकंपासारखा एक घरघर आवाज यायचा. त्या आवाजानं त्यांचं लक्ष किती ढळतं, ते ती मोजत होती.

माझं काम लातूरच्या क्लासेसमधल्या बारावीच्या पोरांवर. परीक्षा जवळ आली की स्मरणशक्तीचं काय होतं, हा विषय.

त्या आठवड्यात धड लॅपटॉप तिच्याकडे होता. आणि एका क्लासच्या सरांनी महिनाभर टाळून मला एकदाची वेळ दिली होती, दुसऱ्याच दिवशी सकाळची.

मी तिला फोन केला.

ती किल्लारीहून जीपनं लातूरला आली आणि बसस्टँडवर लॅपटॉप माझ्या हातात दिला. नियमात बसत नव्हतं. माझी नांदेडची चक्कर वाचावी म्हणून तिनं ते केलं.

"माझं फोल्डर त्यातच हाय. कॉपी घ्यायची राहिली. त्याला हात लावू नको, सुनीता."

एवढं सांगून ती मुखेडच्या एस्टीत बसली.

सकाळी क्लासवर दोन बॅचच्या मध्ये चाळीस मिनिटं मिळाली. सहा पोरं. पहिल्याच पोराला सॉफ्टवेअर अडकलं. डिस्क फुल.

सर दारात उभे राहून घड्याळ बघत होते.

मी मोठी मोठी फोल्डर शोधून उडवली. रिसायकल बिनसुद्धा रिकामं केलं. त्यातल्या एका फोल्डरचं नाव नुसतं 'के' होतं.

सहाही पोरांच्या टेस्ट झाल्या. छान झाल्या.

'के' म्हणजे किल्लारी, हे मला नांदेडच्या एस्टीत, अहमदपूर सोडल्यावर लक्षात आलं.

संध्याकाळी तिला फोन करून सांगितलं.

"सगळं?"

"सगळं, ताई."

तिनं फोन ठेवला.

कॉम्प्युटरवाल्यांनी दोन दिवस खटपट केली. काही फाइल्स निघाल्या, पण अर्धवट. वापरता येण्यासारखं काही नव्हतं.

गाईडसरांनी आम्हाला दोघींनाही केबिनमध्ये बोलावलं. डेटा कसा गेला, विचारलं. मी खाली बघत उभी होते.

विजयाताई म्हणाली, कॉपी घ्यायची राहिली सर, माझीच चूक.

सर तिला पंधरा मिनिटं बोलले. मी तिथंच होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस?

"तुझं नाव घेऊन ते परत येणारंय का? आता किल्लारीला चल माझ्यासंगं. दोघी असलो तर लवकर होईल."

आम्ही चार वेळा गेलो. बरेच जण पुन्हा बसले. सहा जणांनी नको म्हटलं. त्यांच्या दारात ती चहा प्यायली आणि उठली. गळ घातली नाही.

व्यंकट म्हणून एक जण शिंपीकाम करायचा. भूकंपात त्याची आई आणि बहीण गेली, तेव्हा तो नऊ वर्षांचा. आम्हाला बघून त्यानं मशीन थांबवली. मागं केलं होतं की मॅडम, ते काय झालं, म्हणाला.

"गेलं," विजयाताई म्हणाली. "माझ्या हातून पुसलं."

मी शेजारी बसून चार्जरची वायर सोडवत होते.

त्यानं गळ्यातली टेप काढून बाजूला ठेवली.

"मंजी तो आवाज पुन्हा ऐकावा लागंल."

"हाव."

"लावा मग."

आवाज आला तेव्हा त्यानं डाव्या हातानं टेबलाची कड घट्ट धरली. उजव्या हातानं बटनं दाबत राहिला. शेवटपर्यंत.

विजयाताईची पीएचडी एक वर्ष लांबली.

त्याच वर्षात विद्यापीठात लेक्चररची जागा निघाली. पीएचडी लागत होती. माझी झाली होती, तिची नव्हती. ती जागा मला मिळाली. मी अजून तिथंच आहे.

ती मुखेडला ज्युनिअर कॉलेजात लागली आणि शेवटपर्यंत तिथंच शिकवत राहिली.

खूप वर्षांनी, तिच्या घरी जेवताना, मी एकदा विचारलं. तुला माझा राग आला नाही का, ताई?

"आला की. वर्षभर लई आला. मग शिकवायला लागले, त्यात मागं पडला."

आणि तिनं मला भाकरी वाढली.

गेल्या वर्षी डिपार्टमेंटमध्ये तिची शोकसभा झाली. गाईडसर आता रिटायर्ड आहेत, मुद्दाम आले होते. चांगलं बोलले. म्हणाले, विजया फार हुशार, पण वेंधळी. एकदा सगळा डेटा घालवून बसली होती. लोक हळूच हसले. प्रेमानंच हसले.

त्यांच्यानंतर माझं नाव पुकारलं. मी चार-पाच मिनिटं बोलले. तिच्या कष्टांबद्दल, स्वभावाबद्दल. हे बोलले नाही.

सर ही पोस्ट वाचतील. वाचावी.

सर, विजया वेंधळी नव्हती. तिनं विश्वासानं लॅपटॉप माझ्या हातात दिला होता.

विजयाताई, तुला मनापासून नमस्कार.