गयाचा डावा हात

चुडाव्याच्या स्टेशनावर गाडी लय थोडा वेळ थांबते. तेवढ्यात लेकीनं माझी ट्रंक चढवली, मला चढवलं, आणि पुतण्या मारोती खालून ओरडला, "काका, करमलं न्हाई तर या बरं माघारी!" गयाचं, माझ्या बायकोचं, तेरावं होऊन चार दिवस झाले होते. माझ्या काखेत गोधडीत गुंडाळलेली एक सागवानी फळी होती. घराचं मधलं दार मोडलं तेव्हा तेवढी एकच शाबूत निघाली होती. डब्यातल्या लोकांना वाटलं, म्हातारा देवाचा पाट घेऊन निघालाय.

तुमी मागं राहिलेले आणि तुमी माझ्याआधी गाव सोडलेले, दोघांनाही ती फळी कशाला नेली ते सांगायचंय. फोनवर सांगता येत न्हाई.

मी चौथी शिकलेला. बाप सुतार. मी परभणीला छापखान्यात लाकडाचे ठसे कोरायचो. लग्नपत्रिकेचा गणपती, बाजाराच्या जाहिरातीतला बैल. पुढं मशिनी आल्या आणि ठशाला कोणी विचारीना. गावी परत आलो. हाताला काम न्हाई म्हणून महादेवाच्या देवळामागच्या दगडांची चित्रं काढायला लागलो. तुमी ते रोज बघितलेत. छातीएवढे सात दगड, बहुतेक लढाईत मेलेल्या माणसांचे. खाली लढाई, मधी त्याला वर नेणाऱ्या बायका, वर पिंड. कोणाचे ते कोणाला ठाऊक न्हाई. म्हशी त्याला अंग घासायच्या. मी वही घेऊन बसलो की तुमीच म्हणायचात, "सुतार दगडाला पोरगी दाखवायलाय."

कोरायचो मी, छापायची गया. आमच्याकडं मशीन कुठलं? ठशाला शाई लावायची, वर पातळ कागद टाकायचा आणि पितळी वाटीच्या बुडानं घासायचं. ती डावखुरी होती. वाढताना डावा हात पुढं आला की माझी आई तिच्यावर पळी फेकायची. जेवण वाढायला ती उजवा हात शिकली. वाटी घासायला मात्र डावाच. तिच्या हातचा काळा रंग गच्च यायचा, एक ठिपका पांढरा राहायचा न्हाई.

त्या सात दगडांत एकावर नुसता बाईचा हात हाय. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला, उजवा. नवऱ्यामागं जळालेल्या बाईचा. लाकडावर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं येतं. गणपतीच्या सोंडेत मी कधी चुकलो न्हाई, पण हा हात दगडावर दिसला तसाच कोरून बसलो. गयानं कागद उचलला आणि हसत सुटली.

"अहो, डावखुरी केली की हिला! आता हिची सासू काय म्हणंल?"

मी कागद फाडायला गेलो. तिनं ओढून घेतला आणि खळ लावून चुलीमागच्या भिंतीला डकवला. मग भाकरी थापता थापता म्हणली, "जळाली म्हणून हिचा हात कोरला. जगून राबली असती तर कोणी कोरला असता? मी मेले की माझा काढा. डावाच काढा."

"आधी मी जाणार हाय," मी म्हणलो.

"मंग माझा कोण काढंल?"

सहा दिवसांच्या तापात गेली. मी ते सात दगड शेकडो वेळा काढले. ती जिती असताना तिचा हात एकदाही काढला न्हाई. एवढी वर्षं तो हात माझ्यासमोर कागद घासत होता.

पुण्यात लेकीचं घर सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये मला अजून गरगरतं. मातीला पाय लावायचा तर वॉचमनला सांगून बागेत जावं लागतं. लेक म्हणते, "अण्णा, दुपारी ठोकू नका, खालच्या काकूंनी ग्रुपवर मेसेज टाकलाय." सकाळच्या चहानंतर तासभर माझा हात स्थिर असतो, मग कापायला लागतो. त्या तासात दोन महिने कोरलं. तिच्या बांगड्या, बोटांची पेरं, मनगटाच्या आतला तव्याचा डाग. डोळे मिटले की ती समोर बसायची. दिसली तशी फळीवर उतरवली.

वाटी गावाहून आणलेली. मीच घासली. कागद उचलला.

उजवा हात.

म्हाताऱ्यानं म्हातारपणी तीच चूक केली. दगडातली बाई डावखुरी झाली आणि माझी बाई उजवी झाली. माझ्या आईला पाहिजे होती तशी. शाईसुद्धा फिकी, जागोजाग पांढरी. मी भिंतीला डोकं लावून रडलो, लेकीसमोर. फळीच्या मागच्या अंगाला बिजागरीची भोकं हायत, तिथं कोरता येत न्हाई, आणि माझ्या हातात आता दुसरा ठसा उरला न्हाई. छिन्नी धरली की ती दुसरीकडंच जाते.

मारोतीला फोन केला, चुलीमागचा तो जुना कागद तरी पाठव. तो म्हणला, "काका, घराला रंग दिला की. पाहुणे येणार होते, भिंत खरडून काढली." त्याची काय चूक? राहतोय तो तिथं.

लेक विचारते, "अण्णा, घरी जायचंय का?" मी काय सांगू? दार मोडलं, त्याची फळी इथं. भिंत होती, ती खरडली.

परवा फाडून टाकावा म्हणून कागद हातात घेतला. गॅलरीच्या काचेवर सकाळचं ऊन होतं. कागदाची पाठ माझ्याकडं झाली, मागून उजेड आला आणि हात डावा झाला. तव्याचा डाग जिथं होता तिथं. आता रोज चहा झाला की कागद तसाच काचेला धरतो. माझं घर म्हणाल तर तेवढंच हाय. समोरच्या टॉवरची सावली काचेवर आली की तेही जातं.

माझा हात कापतो, त्यानं तिचाही हात हलतो. लेक म्हणली, "टेपनं चिकटवू का, अण्णा?"

मी नको म्हणलो.